अनेक देशांत पांगलेल्या कुटुंबाचं वकीलपत्र घेताना

कायद्याची पदवी नुकती हातात पडलेली मुलंमुली मला अनेक देशांत पसरलेल्या कुटुंबांच्या वकिलीबद्दल विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आलिशान बोटी, बेटांवरच्या कंपन्या आणि लपवलेला पैसा असं काहीतरी असतं. माझ्या टेबलासमोर बसतात ती माणसं वेगळी असतात. नोकरीपायी चार देशांत बिऱ्हाड हलवलेलं जोडपं. नवरा एका देशाचा, घर दुसऱ्या देशात आणि मुलं तिसऱ्या देशात असलेली विधवा. वडील गेल्यावर कोणत्या कोर्टात जायचं हेच न कळलेली भावंडं. पैसा असतो, काहींकडे भरपूर असतो. पण ती येतात कारण एकाच माणसावर, एकाच घरावर दोन-तीन देशांचे कायदे एकाच वेळी हक्क सांगत असतात.

या कामात मृत्युपत्रं, वारसा, ट्रस्ट (म्हणजे मिळकत इतरांच्या भल्यासाठी विश्वस्तांच्या हवाली करणं), लग्नाआधीचे करार, देश बदलतानाचा कर, कुटुंबाच्या धंद्याची पुढच्या पिढीकडे सोपवणूक आणि म्हातारपणासाठीची मुखत्यारपत्रं हे सगळं येतं. मला हे काम मनापासून आवडतं. नव्याने येणाऱ्याला पहिल्या काही वर्षांत जे कळायला हवं, ते इथे क्रमाने सांगते.

पहिली पायरी: एका देशाचा कायदा पक्का करा

'आंतरराष्ट्रीय कायदा' शिकून कोणी या क्षेत्रात उभं राहत नाही. आपण कोणत्या तरी एका देशाचे वकील असतो आणि बाकीच्या देशांतले वकील आपल्याकडे त्याच देशाबद्दल विचारायला येतात. म्हणून सनद जिथली घ्याल, तिथे पहिली दोन-तीन वर्षं साधी कामं करा: मृत्युपत्रं लिहा, प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मान्य करून घेण्याचे अर्ज भरा, घराच्या हस्तांतराची कागदपत्रं वाचा, कराचं विवरणपत्र स्वतः तयार करा. प्रोबेटचा अर्ज कधीच न भरलेल्या वकिलाचं मृत्युपत्र वाचलं की लगेच ओळखू येतं. त्यात शब्द सुंदर असतात, पण ते अंमलात कसं आणायचं ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं.

दुसऱ्या देशाची सनद घ्यायची असेल तर रस्ते आहेत. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आहे आणि बाहेरच्या देशांतले वकीलही ती देऊ शकतात. या क्षेत्रातल्या लोकांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे 'स्टेप'. ती १९९१ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. तिच्या पदविका नोकरी करता करता होतात आणि पूर्ण सभासदाला नावापुढे 'टीईपी' (ट्रस्ट अँड इस्टेट प्रॅक्टिशनर) लावता येतं. कराकडे ओढा असेल तर ब्रिटनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टॅक्सेशनची एडीआयटी ही पदविका घ्या. मात्र माझं मत स्पष्ट आहे: आधी दोन वर्षं हात काळे करा, मग पदविका. उलट क्रमाने आलेल्यांना पुस्तकातलं उत्तर येतं, अशिलाचा प्रश्न मात्र कळत नाही.

दुसरी पायरी: चार शब्दांत गल्लत करू नका

राष्ट्रीयत्व, कर-निवास (करासाठी कोणता देश तुम्हाला आपला रहिवासी धरतो), अधिवास आणि नेहमीचं वास्तव्य (रोजचं आयुष्य प्रत्यक्ष जिथे चालतं ती जागा) हे चार वेगळे शब्द आहेत. बोलताना अशील ते सगळे एकाच अर्थाने वापरतो. तुम्ही तसं करायचं नाही.

राष्ट्रीयत्व पासपोर्टवरून कळतं, तरी एकापेक्षा जास्त पासपोर्ट आहेत का हे विचारावंच लागतं. कर-निवासाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे १८३ दिवस. '१८३ दिवसांच्या आत राहिलो की कर नाही' असं लोक छातीठोकपणे सांगतात. ब्रिटनच्या २०१३ पासूनच्या कसोटीत तिथला जुना रहिवासी वर्षात अवघे १६ दिवस तिथे राहिला आणि त्याचे घर, कुटुंब, काम असे चार धागे तिथे उरले असतील, तरी तो रहिवासी ठरू शकतो. अमेरिकेच्या कसोटीत चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश धरून बेरीज करतात. सलग तीन वर्षं दरसाल १२२ दिवस तिथे राहिलात की ती बेरीज नेमकी १८३ होते, आणि तुम्ही तिथले रहिवासी ठरू शकता. पहिल्यांदा हे गणित मी स्वतः कागदावर मांडलं, तेव्हा त्या दिवसापासून अशिलाचे पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं मागायची सवय लागली, ती आजही सुटलेली नाही.

अधिवास, ज्याला इंग्रजी परंपरेत डोमिसाइल म्हणतात, ती सर्वांत निसरडी कल्पना आहे. तिचा अर्थ ज्या देशाला माणूस कायमचं आपलं मानतो तो देश, आणि सुरुवातीला तो जन्माबरोबर, बहुधा वडिलांकडून येतो. जॉर्ज बोवी नावाच्या, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गृहस्थाचा खटला प्रत्येक नवख्याने वाचावा. हा माणूस सुमारे ३६ वर्षं इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये राहिला आणि १९२७ मध्ये तिथेच वारला. आईच्या अंत्यविधीलाही तो ग्लासगोला गेला नाही. पण स्वतःला ग्लासगोचा म्हणवून घेत राहिला. त्याने स्वतःच्या हाताने, साक्षीदारांविना मृत्युपत्र लिहिलं होतं. स्कॉटलंडच्या कायद्यात ते चालत होतं, इंग्लंडच्या कायद्यात नाही. १९३० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की त्याचा अधिवास स्कॉटलंडचाच राहिला, म्हणून मृत्युपत्र वैध. ३६ वर्षांच्या मुक्कामानेसुद्धा अधिवास बदलला नाही!

अशा अनिश्चिततेमुळेच कायदे बदलतात. ब्रिटनने ६ एप्रिल २०२५ पासून वारसाकरासाठी अधिवास ही कसोटी काढून टाकली. आता गेल्या २० करवर्षांपैकी किमान १० वर्षं तिथे रहिवासी असलेल्याला जगभरच्या मालमत्तेवर तो कर लागतो, सर्वसाधारण दर ४० टक्के. त्यामुळे जुन्या टिपणांवर विसंबून सल्ला देण्याचा मोह टाळा. पण कराखेरीज इतर प्रश्नांत, म्हणजे जंगम मिळकतीचा वारसा कोणत्या कायद्याने ठरणार अशा ठिकाणी, इंग्लंडमध्ये अधिवास अजूनही जिवंत आहे.

तिसरी पायरी: तथ्यांचा तक्ता

माझ्या मते या धंद्यातलं निम्मं कौशल्य इथे आहे. नवा वकील पहिल्या बैठकीतच उपाय सांगायला उतावीळ असतो. अशीलही 'ट्रस्ट करायचा का?' असं विचारूनच सुरुवात करतो. तुम्ही उत्तर देऊ नका. कोरा कागद आडवा धरा आणि चार रकाने आखा: माणूस, जागा, मिळकत, कागद.

पहिल्या रकान्यात कुटुंबातला प्रत्येक जण, घटस्फोटित जोडीदार आणि आधीच्या लग्नाची मुलंही. दुसऱ्यात प्रत्येकाची जन्मजागा, पासपोर्ट, आजवर कुठे कुठे राहिले त्याची वर्षं, आणि लग्न झाल्यावर पहिलं घर कुठे मांडलं. हा शेवटचा प्रश्न लोकांना गमतीचा वाटतो, पण अनेक देशांत नवरा-बायकोच्या मिळकतीचा कायदा त्यावरच ठरतो आणि वारशाचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. तिसऱ्यात प्रत्येक मिळकत, ती कोणाच्या नावावर आणि कुठे. चौथ्यात आजवर केलेली मृत्युपत्रं, करार, मुखत्यारपत्रं, नॉमिनेशन.

जन्मजागेचा आग्रह मी का धरते ते सांगते. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. एका अशिलाला मी विचारलं, 'तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक?' त्यांनी एकच देश सांगितला, मी तो लिहून घेतला. शेअर ट्रस्टमध्ये टाकायची योजना आम्ही दोन महिने खपून तयार केली. मग बँकेचा फॉर्म आला, त्यात जन्मस्थान विचारलं होतं. आईवडील शिकायला गेले असताना त्यांचा जन्म अमेरिकेत झाला होता. आठ महिन्यांचे असताना ते परतले आणि पुन्हा कधी गेले नाहीत. पण तिथल्या जन्मामुळे ते जन्मापासून अमेरिकी नागरिक होते, आणि अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कुठेही राहोत, कर लावते. परदेशी बँकांना अमेरिकी नागरिकांची खाती कळवायला लावणाऱ्या, अमेरिकेच्या २०१० च्या फॅटका कायद्यामुळे बँका जन्मस्थान विचारतात ते याचसाठी. सगळी योजना मोडून पुन्हा मांडावी लागली. ते गृहस्थ माझ्यावर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, 'तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.' ते वाक्य मला अजून टोचतं.

चौथी पायरी: प्रश्न सुटे करा

तक्ता भरला की एक मोठा गुंता दिसतो. त्यातून प्रश्न एकेक वेगळे काढायचे. एक काल्पनिक कुटुंब घेऊ. बाई जन्माने फ्रेंच, नवरा ब्रिटिश, दोन मुलं, सगळे पंधरा वर्षं सिंगापूरमध्ये. बाईंच्या नावावर पॅरिसमध्ये फ्लॅट आणि ब्रोकरकडे अमेरिकी कंपन्यांचे पाच लाख डॉलरचे शेअर. बाई म्हणतात, 'माझ्यामागे सगळं नवऱ्याला जावं.'

पहिला प्रश्न: फ्लॅटचा वारसा कोणत्या कायद्याने? युरोपीय संघाचा ६५०/२०१२ हा वारसा नियम १७ ऑगस्ट २०१५ आणि त्यानंतरच्या मृत्यूंना लागू आहे. तो मूळात शेवटच्या नेहमीच्या वास्तव्याचा कायदा लावतो, म्हणजे इथे सिंगापूरचा. पण सिंगापूरचा कायदा म्हणतो की स्थावर मिळकत जिथे आहे तिथला कायदा लागू. चेंडू फ्रान्सकडे परत, आणि युरोपीय नियम तो झेलतो, म्हणजे फ्लॅटला फ्रेंच कायदा लागतो. फ्रेंच कायद्यात दोन मुलं असली की त्यांचा मिळून दोन तृतीयांश हिस्सा राखीव असतो. म्हणजे फ्लॅट पूर्णपणे नवऱ्याला दिला तर मुलं त्यावर हरकत घेऊ शकतात. राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडण्याची मुभा हा नियम देतो, पण बाई फ्रेंच. निवडूनही फ्रेंच कायदाच मिळणार, दुसरा पासपोर्ट नसेल तर.

दुसरा प्रश्न कराचा, आणि तो वारशापासून पूर्ण वेगळा ठेवायचा. 'कोणाला मिळणार' आणि 'त्यावर कर किती' याची उत्तरं वेगवेगळे कायदे देतात. सिंगापूरने मृत्युकर २००८ मध्ये रद्द केला, म्हणून कुटुंब निर्धास्त असतं. पण पॅरिसचा फ्लॅट फ्रान्सच्या कराच्या कक्षेत आहे. जोडीदाराला तिथे वारसाकर माफ आहे, मुलांना नाही. त्यांना प्रत्येकी एक लाख युरोची सूट, मग चढते दर, वरचा ४५ टक्के.

तिसरा प्रश्न कोणी विचारतच नाही: ते अमेरिकी शेअर. अमेरिकेत कधी न राहिलेल्या परदेशी माणसाच्या मृत्यूनंतरही अमेरिकी कंपन्यांच्या शेअरवर तिथला इस्टेट टॅक्स, म्हणजे मृताच्या मिळकतीवरचा कर लागतो. सूट फक्त ६० हजार डॉलरची आणि वरचा दर ४० टक्के. अमेरिकी नागरिकाला मात्र २०२६ पासून दीड कोटी डॉलरपर्यंत सूट आहे. हा फरक अशिलाला सांगितला की खोलीत शांतता पसरते. मग दुहेरी कर टाळण्याचा एखादा करार या कुटुंबाला लागू होतो का ते तपासायचं, शेअर कोणत्या मार्गाने धरावेत ते पाहायचं.

इतकं झाल्यावर कुठे ट्रस्टचा विचार करायचा, आणि तोही जपून. ट्रस्ट ही इंग्रजी परंपरेची वस्तू आहे. १९८५ च्या हेग करारामुळे तिला मान्यता देणारे देश वाढले, स्वित्झर्लंडमध्ये तो २००७ पासून लागू आहे. फ्रान्सने त्यावर सही केली, पण तो संमत केला नाही, आणि फ्रान्सचे ट्रस्टविषयीचे करनियम कडक आहेत. एका देशात औषध ठरणारी गोष्ट दुसऱ्या देशात दुखणं होते ती अशी.

पाचवी पायरी: परदेशी वकिलाला पत्र लिहायला शिका

फ्रान्सबद्दल मी जे वर लिहिलं, त्यावर मी स्वतः सल्ला देत नाही. मला एवढंच कळायला हवं की इथे प्रश्न आहे, आणि तो तिथल्या नोटेअरला, म्हणजे वारसा आणि मिळकतीचं काम पाहणाऱ्या कायदेतज्ज्ञाला नीट विचारायला हवा. 'कृपया या प्रकरणी सल्ला द्यावा' असं पत्र पाठवलं की वीस पानांचं सर्वसाधारण उत्तर आणि मोठं बिल येतं. चांगल्या पत्रात एक पान तथ्यं, मग अंक घातलेले तीन-चार नेमके प्रश्न, मग आपण काय करायचं योजतो आहोत आणि त्यात तुमच्या देशात काही मोडतं का, एवढंच असतं. खर्चाचा अंदाज आधी मागून घ्या आणि अशिलाची संमती लेखी घ्या.

एका वाक्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. जवळजवळ प्रत्येक मृत्युपत्राच्या नमुन्यात सुरुवातीला असतं: 'मी याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द करतो.' अशिलाने एका देशातल्या घरासाठी तिथे वेगळं मृत्युपत्र केलेलं असतं. दुसऱ्या देशातला वकील नमुना उघडतो, ते वाक्य तसंच ठेवतो, आणि पहिलं मृत्युपत्र एका ओळीने जातं. म्हणून दोन मृत्युपत्रं असतील तर प्रत्येकात त्याची हद्द लिहा आणि दोन्ही वकिलांनी एकमेकांचे मसुदे वाचल्याशिवाय सही होऊ देऊ नका. लग्नाचंही तसंच. इंग्लंडच्या कायद्यात लग्न केलं की साधारणपणे आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, शेजारच्या स्कॉटलंडमध्ये होत नाही.

सहावी पायरी: अशील नक्की कोण?

ऐंशीच्या घरातल्या आईला घेऊन मुलगा येतो. बोलतो मुलगा, फी देणार मुलगा, आणि मृत्युपत्रात घर त्यालाच मिळणार. इथे तुमचा अशील आई आहे. मुलाला अदबीने बाहेर बसवा आणि आईशी एकटीशी बोला, तिच्या भाषेत. दुभाषा लागला तर तो घरातला नको. तिला आपण काय करतो आहोत, आपल्याकडे काय आहे आणि कोणाचा हक्क पोचतो हे कळतं का, हे तिच्याच शब्दांत टिपून ठेवा. ही कसोटी १८७० च्या बँक्स विरुद्ध गुडफेलो खटल्यापासून इंग्रजी परंपरेच्या देशांत चालत आली आहे. शंका असेल तर डॉक्टरांची तपासणी त्याच सुमारास करून घ्या. मुलगा नाराज होईल. होऊ द्या.

पैशाच्या चौकशीबाबत दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. हे पैसे आत्ता कुठल्या खात्यातून आले, हा एक प्रश्न. ही सगळी संपत्ती मुळात कशी उभी राहिली, हा दुसरा. दोन्हींची कागदोपत्री उत्तरं हवीत. काळ्या पैशाविरुद्ध काम करणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशींमुळे बहुतेक देशांत हे वकिलावर बंधनकारक आहे, आणि ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या सीआरएस नावाच्या व्यवस्थेत २०१७ पासून देश एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप पाठवतात. कोणी 'हे कुणाला कळणार नाही असं करा' म्हणालं तर काम नाकारा, फी कितीही असो. अशिलाची गुपितं आपण जिवापाड जपतो, ती सरकारपासून कर लपवण्यासाठी नव्हे. कुटुंबाची भांडणं, आजार, पहिल्या लग्नाचं मूल या गोष्टी बाहेर जाऊ नयेत म्हणून जपतो.

सातवी पायरी: वेळ पाळा

इंग्लंडमधला व्हाइट विरुद्ध जोन्स हा खटला माझ्या टेबलाच्या खणात आहे. वडिलांनी दोन मुलींशी भांडून त्यांना मृत्युपत्रातून वगळलं होतं. मग समेट झाला आणि जुलै १९८६ मध्ये त्यांनी वकिलांना पत्र लिहिलं: दोघींना प्रत्येकी नऊ हजार पौंड द्यायचे, नवं मृत्युपत्र करा. काम रेंगाळलं. सप्टेंबरमध्ये वडील वारले, मृत्युपत्र झालंच नव्हतं. मुली वकिलांच्या अशील नव्हत्या, तरीही १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचं नुकसान भरून देण्याची जबाबदारी वकिलांवर टाकली. अनेक देशांच्या कामात परदेशी उत्तराची वाट पाहण्यात महिने सहज जातात. त्यासाठी सोपा उपाय आहे: अंतिम रचना तयार होईपर्यंत एक छोटं, तात्पुरतं मृत्युपत्र पहिल्याच आठवड्यात सही करून घ्या.

आणि नोकरी कुठे? मोठ्या फर्ममधले 'खासगी अशील' विभाग, म्हणजे व्यक्ती आणि कुटुंबांची कामं पाहणारे, फक्त हेच काम करणाऱ्या छोट्या फर्म, जर्सी, गर्न्सी, केमन, सिंगापूर, जिनीव्हा इथल्या ट्रस्ट कंपन्या, बँका, आणि एकाच कुटुंबासाठी चालणारी फॅमिली ऑफिसं. सुरुवात फर्ममध्ये करा, कारण तिथे कोणीतरी वरिष्ठ तुमचं पत्र लाल शाईने भरून परत देतो. बहुतेक ठिकाणी सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत वेळ नोंदवावा लागतो; ते त्याच दिवशी करा, आठवड्याच्या शेवटी काही आठवत नाही. मुलाखतीला जाताना एखादं काल्पनिक कुटुंब, त्याचा चार रकान्यांचा तक्ता आणि त्यातून निघणारे पाच प्रश्न कागदावर घेऊन जा. मी उमेदवार घेते तेव्हा गुणपत्रिकेच्या आधी तो कागद बघते. इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत असेल तर तेही पहिल्याच ओळीत सांगा.

फाइल बंद करताना अशिलाला एक पान द्या: कोणत्या देशात कोणता कागद, मूळ प्रत कुठे, आणि कोणत्या घटनांनंतर आम्हाला कळवायचं. मूल झालं, लग्न झालं किंवा मोडलं, देश बदलला, घर घेतलं, नवा पासपोर्ट मिळाला. मग स्वतःच्या डायरीत एक वर्षानंतरची तारीख टाका आणि त्या दिवशी फोन करा.